बार पूर्ण भरला होता, तरी मुलाखत गेली: एका पेन ड्राइव्हचं प्रकरण

“बार पूर्ण भरला होता रे दादा. मी स्वतः बघितलं. खिडकी बंद झाली, मगच काढला.”

रविवारी रात्री आलेल्या फोनवर आतेबहीण हे वाक्य तीनदा बोलली. बार म्हणजे फाइल किती हलली ते दाखवणारी पट्टी, आणि काढला तो पेन ड्राइव्ह. प्रबंधाचा शेवटचा टप्पा चालू होता. ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर तिची पाच प्रकरणं, तक्त्यांची एक फाइल आणि वर्षभरात घेतलेल्या मुलाखतींचे व्हिडिओ होते. शुक्रवारी संध्याकाळी विभागातल्या संगणकावरून तिने तीन नव्या मुलाखती आणि चौथ्या प्रकरणाची सुधारलेली फाइल त्यावर हलवली आणि ती घरी आली. घरी लावून बघते तर पहिला व्हिडिओ चालतोय, दुसऱ्याचं नाव आणि आकार बरोबर आहे पण तो उघडत नाही, तिसरा शून्य बाइटचा, म्हणजे रिकामा, आणि चौथं प्रकरणही शून्य बाइटचं.

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. बार भरला होता, खिडकी बंद झाली होती. म्हणूनच हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं. धसमुसळेपणाने ओढून काढला आणि डेटा गेला, यात सांगण्यासारखं काही नाही. इथे बाई थांबली होती, बघत होती, आणि तरीही गेला.

शुक्रवार, संध्याकाळ

विभागातला संगणक विंडोजऐवजी लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो. १६ जीबी रॅम (वीज असेपर्यंतच टिकणारी कामापुरती मेमरी), आत एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क. पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला, म्हणजे ६४ जीबीचे ड्राइव्ह बहुतेक जसे येतात तसाच. तीन व्हिडिओ अनुक्रमे ५२०, ६४० आणि ७१० एमबीचे, एकूण १,८७० एमबी.

तिने सांगितल्याप्रमाणे क्रम असा होता. तीनही व्हिडिओ निवडले, कट केले, पेन ड्राइव्हवर पेस्ट केले. पंधरा-वीस सेकंदांत बार भरला. मग पेन ड्राइव्हवरचं जुनं चौथं प्रकरण घोळ नको म्हणून डिलीट केलं आणि डेस्कटॉपवरचं नवं तिथे हलवलं. ते तर डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. उघडे कार्यक्रम बंद केले, पिशवी भरली, पेन ड्राइव्ह काढला. पेस्ट केल्यापासून काढेपर्यंत साधारण सव्वा मिनिट.

आता थोडा हिशोब करू. मी नंतर हाच पेन ड्राइव्ह मोजून बघितला. सलग लिहिताना तो सेकंदाला जेमतेम ११ एमबी घेतो. या वेगाने १,८७० एमबी लिहायला १७० सेकंद हवेत. मग पंधरा-वीस सेकंदांत बार भरला कसा?

कारण तो बार पेन ड्राइव्हवर काय पोहोचलं ते मोजतच नव्हता. रॅममध्ये काय उतरवून घेतलं, ते मोजत होता. कचेरीतल्या आवक खिडकीसारखा प्रकार आहे हा. अर्ज दिला, शिक्का मिळाला, पोच हातात आली. अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला की नाही, हा पूर्ण वेगळा प्रश्न. संगणक फाइल आधी स्वतःच्या मेमरीत घेतो, कार्यक्रमाला ‘झालं’ म्हणून सांगतो आणि मग मागच्या मागे सवडीने ड्राइव्हवर उतरवत बसतो. मेमरीतल्या तुकड्यांना पानं म्हणतात; लिहायची राहिलेली पानं लिनक्सच्या भाषेत ‘डर्टी’. साधारणपणे उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त डर्टी पानं साचली की पार्श्वभूमीत लिहिणं जोरात सुरू होतं; २० टक्क्यांची मर्यादा गाठायची वेळ आली की मगच कॉपी करणाऱ्या कार्यक्रमाला अडवलं जातं. १६ जीबीच्या संगणकावर ही वरची मर्यादा दोन जीबीच्या पुढे जाते. तिचे तीनही व्हिडिओ त्यात आरामात मावले. कोणी कोणाला अडवलंच नाही.

सव्वा मिनिट आणि थोडं वर, म्हणजे ८० सेकंद धरले तर ११ एमबीच्या वेगाने ८८० एमबी उतरले. पहिला व्हिडिओ ५२० चा, पूर्ण गेला. उरलेले ३६० दुसऱ्याच्या वाट्याला आले. तिसऱ्याची आणि चौथ्या प्रकरणाची पाळीच आली नाही. घरी जे दिसलं ते नेमकं हेच. आकडे इतके चपखल बसले की मलाच शंका आली, पण सोमवारी विभागातल्या संगणकाची नोंदवही (तो स्वतः ठेवतो तो लॉग) बघितल्यावर ती फिटली. यूएसबी निघाल्याची ओळ होती आणि तिच्या पाठोपाठ ‘लॉस्ट असिंक पेज राइट’ या शब्दांनी संपणाऱ्या ओळींची रांग. म्हणजे लिहायची पानं हातात होती, पण ज्या दारातून द्यायची ते दारच गायब झालं होतं. संगणकाने तक्रार केली होती. ज्या जागी कोणी बघत नाही अशा जागी केली, एवढंच.

छोटी फाइल तर आणखी फसवी असते. मोठी कॉपी चालू असली की पेन ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकतो, निदान माणूस बिचकतो. एकटीदुकटी छोटी फाइल हलवली तर लिनक्स ती पान ‘जुनं’ होईपर्यंत, म्हणजे साधारण ३० सेकंद, तशीच ठेवू शकतो. तेवढ्यात दिवा शांत. आपण म्हणतो, चला, झालं. दिव्यावर विश्वास ठेवू नका असं मी सगळ्यांना सांगतो ते यामुळे. दिवा ‘आत्ता काही चाललं आहे’ एवढंच सांगतो, ‘आता काही उरलं नाही’ असं तो कधीच सांगत नाही.

कट-पेस्टने केलेला घात

एवढ्यावर भागलं असतं तर फार बिघडलं नसतं. विभागातल्या संगणकावर मूळ व्हिडिओ असते, पुन्हा कॉपी केले असते. पण तिने कट केलं होतं.

एकाच डिस्कवर कट-पेस्ट म्हणजे फक्त नोंदीतला पत्ता बदलणं. डेटा जागचा हलत नाही. दोन वेगळ्या डिस्कांच्या बाबतीत मात्र ‘हलवणं’ अशी काही क्रियाच नसते. आधी नक्कल आणि ती ‘झाली’ की मूळ प्रत काढून टाकणं, अशी ती जोडक्रिया असते. आणि ‘झाली’ हे कोण सांगतं? तीच आवक खिडकी. म्हणजे नवी प्रत अजून रॅममध्ये तरंगतेय आणि जुनी प्रत डिस्कवरून काढून टाकलेली आहे, असा एक मधला काळ येतो. त्या काळात तो व्हिडिओ विजेवर जगतो. तिने पेन ड्राइव्ह नेमका त्या काळात काढला.

रेकॉर्डरच्या कार्डावर तरी मूळ असेल, असं मी विचारलं. कार्ड त्याच दुपारी फॉरमॅट करून त्यावर पुढच्या मुलाखती घेतल्या होत्या.

मग उरला विभागातल्या संगणकाचा एसएसडी. डिलीट केलेली फाइल लगेच पुसली जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. फिरत्या हार्ड डिस्कच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. एसएसडीला मात्र संगणक ‘ट्रिम’ नावाचा निरोप पाठवतो: अमुक अमुक जागा आता रिकाम्या, खुशाल साफ कर. तो निरोप गेला की बहुतेक वेळा तिथून काहीही वाचता येत नाही. अनेक लिनक्स संगणकांवर हा निरोप आठवड्यातून एकदा जातो आणि ती वेळ असते रविवार संपून सोमवार लागताना; संगणक तेव्हा बंद असला तर पुढच्या वेळी सुरू होताच. फोन आला रविवारी रात्री. मी तिला सांगितलं, “उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी जा, तो संगणक कोणाला सुरू करू देऊ नकोस.” ती साडेनऊला पोहोचली. नऊ वाजता कोणीतरी सुरू केला होता. नोंदवहीत ट्रिमची ओळ होती, किती जीबी साफ केले त्या आकड्यासकट.

तिने शुक्रवारी रात्रीच फोन केला असता तर शनिवारी काही हाती लागलं असतं का? लागलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ पद्धतीत डिलीट केलेल्या फाइलीचा माग काढणं तसंही जिकिरीचं असतं. पण दार निदान उघडं होतं.

घरी, शुक्रवार रात्र ते रविवार

घरच्या विंडोजने पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या सांगितलं की या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा. ही सूचना नुकसान झाल्याचा पुरावा नसते. एक्सफॅटच्या पहिल्याच भागात एक खूण असते: लिहिणं सुरू करताना ती लावायची, नीट निरोप घेताना काढायची. खूण तशीच राहिलेली दिसली की पुढचा संगणक एवढंच ओळखतो की मागचा न सांगता उठून गेला.

तिने ‘दुरुस्त करा’ दाबलं. कोणीही दाबलं असतं. पण ही दुरुस्ती नेमकी कशाची, ते कळायला हवं. तो कार्यक्रम ड्राइव्हवरच्या नोंदी एकमेकींशी जुळवतो: कोणत्या जागा भरलेल्या, कोणत्या रिकाम्या, कोणती फाइल कुठे संपते. जे जुळत नाही ते कापतो किंवा बेवारस तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकतो. हिशोब जुळला की त्याचं काम संपलं. तुमचं प्रकरण परत आलं की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कधी कधी तर डेटा परत मिळवायला उपयोगी पडले असते असे धागेदोरेच तो या साफसफाईत टाकून देतो. म्हणून आधी ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढायची, मग काय ते प्रयोग. आधी दुरुस्ती, मग प्रत, हा उलटा क्रम.

तिच्या फाउंड फोल्डरमध्ये अशा तुकड्याची एक सीएचके फाइल मिळाली. मजकूर म्हणून उघडली तर पहिली दोन अक्षरं इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’. वर्डची डॉकएक्स फाइल मुळात झिप असते आणि झिपची सुरुवात या दोन अक्षरांनी होते. ती पद्धत तयार करणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. आशा वाटली. पण झिपची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते, पहिल्या नव्हे, आणि तिच्या तुकड्याला शेवटच नव्हता. आतले जे परिच्छेद सुटे करता आले ते दुसऱ्या प्रकरणाच्या कोणत्यातरी जुन्या आवृत्तीचे निघाले.

शनिवारी तिने खरी मोठी चूक केली. हरवलेल्या फाइली शोधून देणारा एक कार्यक्रम उतरवला, पेन ड्राइव्हवर चालवला आणि सापडलेल्या फाइली ‘कुठे ठेवू’ असं त्याने विचारल्यावर तोच पेन ड्राइव्ह दाखवला. त्याने इमानेइतबारे ७०० एमबी तिथेच लिहिले. ज्या रिकाम्या जागेत शोधायचं तीच जागा भरत सुटला. शुक्रवारच्या चौथ्या प्रकरणाचं एखादं पान तिथे पोहोचलं होतं का? माझा हिशोब सांगतो, नसावं. पण आता ते तपासायचा मार्गच राहिला नाही.

सोमवार दुपार

ती पेन ड्राइव्ह घेऊन आली. पहिलं काम, ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन वापरून संपूर्ण ड्राइव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढली आणि पेन ड्राइव्ह पाकिटात घालून कपाटात ठेवला. पुढचं सगळं त्या इमेजच्या नकलेवर.

चौथं प्रकरण सापडलं आणि तेही कुठलंही शोधकार्य न करता. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमधून पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती बहुतेक वेळा त्याच पेन ड्राइव्हवर, टिंबाने सुरू होणाऱ्या ‘ट्रॅश-१०००’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये जाते. लिनक्सवर टिंबाचं नाव लपलेलं राहतं; विंडोजवर ते साध्या फोल्डरसारखं दिसतं. ती दोन दिवस त्या फोल्डरकडे बघत होती आणि व्हायरस असेल म्हणून हात लावत नव्हती! आत गुरुवारी रात्रीपर्यंतचं प्रकरण जसंच्या तसं. गेलं ते फक्त शुक्रवारचं काम, आणि ते डोक्यात ताजं होतं.

दुसऱ्या व्हिडिओवर वेळ गेला. नाव बरोबर, आकार ६४० एमबी, पण कोणताही प्लेअर तो उघडायला तयार नाही. एमपी-४ फाइलीत चित्र-आवाजाचा ढीग एका बाजूला असतो आणि त्या ढिगात कोणती फ्रेम कुठे आहे हे सांगणारा ‘मूव्ह’ नावाचा भाग वेगळा. रेकॉर्डर हा भाग सहसा सगळ्यात शेवटी लिहितो, कारण रेकॉर्डिंग संपल्याशिवाय त्यालाही हिशोब माहीत नसतो. तिच्या फाइलीत पहिले साडेतीनशे एमबी खरे होते आणि पुढे त्या जागेवरचा जुना कचरा. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलाखत प्रत्यक्ष तिथे होती, फक्त किल्ली नव्हती. अशा वेळी ‘अनट्रंक’ नावाचं एक मोफत साधन उपयोगी पडतं. त्याला त्याच रेकॉर्डरवर, त्याच सेटिंगमध्ये घेतलेला एक धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून द्यायचा. त्यावरून ते फ्रेमा ओळखून नवी अनुक्रमणिका बांधतं. नमुना म्हणून पहिला व्हिडिओ दिला. ३८ मिनिटांपैकी २१ मिनिटं मिळाली. आवाज शेवटच्या काही सेकंदांत तुटतो, बाकी स्वच्छ.

तिसरी मुलाखत कुठेच नव्हती. हरवलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक इमेजवर चालवून बघितलं, रात्रभर. जे ड्राइव्हवर कधी आलंच नाही ते ड्राइव्हवर सापडणार कुठून? मला हे माहीत होतं, तरी चालवलं. समोर बसलेल्या माणसाला नुसतं ‘नाही’ सांगण्यापेक्षा ‘शोधलं, नाही’ सांगणं सोपं जातं.

सवय कुठून आली

सगळं झाल्यावर मी विचारलं, “इजेक्ट का करत नाहीस?” म्हणजे काढण्याआधी संगणकाला तसं सांगून त्याचा होकार का घेत नाहीस. ती थोडी चिडून म्हणाली, “कितीतरी वर्षं नाही केलं. एकदाही काही झालं नाही.”

हेही खरं होतं, आणि मला यातच प्रकरणाचं मूळ दिसतं. तिचा अनुभव घरच्या विंडोजवरचा. विंडोजमध्ये बाहेरून जोडलेल्या डिस्कसाठी दोन धोरणं असतात: एक झटपट काढता यावं यासाठी, दुसरं जास्त वेगासाठी. पहिल्यात विंडोज ड्राइव्हवर लिहिताना कॅश वापरत नाही, म्हणजे लिहायचं मेमरीत साठवून ठेवत नाही. वेग जरा कमी, पण बार भरला म्हणजे बहुतांशी खरोखर लिहून झालेलं असतं. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून मूळ निवड ‘झटपट काढणं’ हीच आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कच्या ‘पॉलिसीज’ या पानावर ती दिसते, आणि बदलली तर त्या संगणकाच्या त्या पोर्टसाठी तशी राहते. म्हणजे घरी ती जे शिकली ते घरापुरतं चुकीचं नव्हतं. तीच सवय तिने लिनक्सवर नेली, जिथे त्याच बारचा अर्थ वेगळा आहे. दोन्ही खिडक्या दिसायला सारख्या, बार सारखा, रंगसुद्धा जवळपास तोच. त्यांच्यात फरक आहे हे तिला कोण सांगणार होतं? मॅकही लिहायचं काही काळ हाती धरून ठेवतो आणि न सांगता काढलं की ‘डिस्क नीट काढली नाही’ म्हणून कान उपटतो, पण तेही नंतर.

झटपट धोरण म्हणजे मोकळीक नव्हे, हेही तिला सांगितलं. फाइल उघडी असेल, एखादा कार्यक्रम अर्ध्यात असेल, तर कोणतंही धोरण वाचवत नाही.

दुसरं कारण तिने जरा उशिरा सांगितलं. पूर्वी ती इजेक्ट करायची, पण निम्म्या वेळा विंडोज म्हणायचं, हे उपकरण वापरात आहे, आधी खिडक्या बंद करा. सगळं बंद केलं तरी तेच. शेवटी वैतागून सोडून दिलं. हा वैताग रास्त आहे. तो निरोप ‘कोण वापरतंय’ एवढंच सांगत नाही, जे खरं सांगायला हवं. पण नोंद असते. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत ‘कर्नल-पीएनपी’ची २२५ क्रमांकाची नोंद बघायची, काढायला कोणत्या कार्यक्रमाने अडवलं त्याचं नाव तिथे असतं. तिच्या संगणकावर सलग चार वेळा वर्डच निघालं. ती दस्तऐवज बंद करायची, पण पेन ड्राइव्हवरची दुसरी एखादी फाइल मागच्या खिडकीत उघडी राहायची. फोल्डरमध्ये लाटेच्या आणि डॉलरच्या चिन्हाने (~$) सुरू होणारी एखादी फाइल उरली असेल तर वर्डने अजून पकडून ठेवलंय असं समजायचं. लिनक्सवर हाच अडसर ‘टार्गेट इज बिझी’ म्हणून येतो आणि बऱ्याचदा दोषी आपणच असतो, त्याच फोल्डरमध्ये उघडून ठेवलेली टर्मिनलची खिडकी.

काहीच हलत नसेल तर संगणक पूर्ण बंद करून मग काढायचा. विंडोजवर शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की तो खरोखर बंद होतो, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपतो.

तिने एक चांगला प्रश्न विचारला: एक्सफॅटऐवजी एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला असता तर वाचलं असतं का? नाही. एनटीएफएस बदलांची नोंदवही ठेवतं, त्यामुळे अचानक तुटलं तरी फोल्डरांचा सांगाडा सहसा सावरतो, एक्सफॅटला ती सोय नाही. पण नोंदवही सांगाड्याची असते, मजकुराची नाही. जी मुलाखत रॅममधून निघालीच नाही तिला कोणताच फॉरमॅट वाचवणार नव्हता.

आणि एक समज काढावा लागला. ‘एकदम काढला म्हणून करंट लागून बिघडला’ असं तिला वाटत होतं. यूएसबीचा नेहमीचा चपटा प्लग नीट बघितला तर बाहेरच्या दोन पट्ट्या लांब आणि आतल्या दोन आखूड दिसतात. लांब पट्ट्या विजेच्या, आखूड डेटाच्या. काढताना डेटा आधी सुटतो, वीज नंतर. चालू संगणकातून काढला जाईल हे धरूनच तो बनवलेला आहे. पेन ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर, म्हणजे त्याचा कारभार बघणारी चिप, स्वतःच्या नोंदी हलवत असताना वीज गेली तर ड्राइव्ह पूर्ण मुका होऊ शकतो, ते वेगळं. तिचा ड्राइव्ह आजही ठणठणीत आहे.

आता काय करते

पेन ड्राइव्हवर थेट काम करणं बंद. तो फक्त ने-आण करतो. काम संगणकाच्या डिस्कवर. कटऐवजी कॉपी, आणि नवी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघितल्याशिवाय मूळ फाइल काढायची नाही. त्याच संगणकावर लगेच उघडून बघण्यात अर्थ नाही, कारण तो तीच फाइल रॅममधून काढून दाखवतो आणि आपण खूश होतो. मोठ्या व्हिडिओंसाठी दोन्हीकडे एसएचए-२५६ चा आकडा (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा) काढून जुळवते. विंडोजवर ‘सर्टयुटिल’, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’.

विभागातल्या संगणकावर ती आता इजेक्ट दाबते आणि ‘डेटा लिहिला जातोय, काढू नका’ ही सूचना जाऊन ‘आता काढू शकता’ येईपर्यंत थांबते. तिला पटावं म्हणून मी माझ्या लिनक्सवर तिच्यासमोर दोन जीबी कॉपी केले आणि मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या ‘मेमइन्फो’ या फाइलीतली ‘डर्टी’ची ओळ दर सेकंदाला दाखवत ठेवली. बार भरला तेव्हा आकडा दीड जीबीच्या वर होता. तो हळूहळू उतरून शून्याजवळ यायला दोन मिनिटांहून जास्त लागली. त्या वेळात ती काही बोलली नाही.

तिसरी मुलाखत पुन्हा घेतली. दुसरी पुन्हा घेणं शक्य नव्हतं. प्रबंधाच्या परिशिष्टात त्या मुलाखतीसमोर तिने लिहिलंय: पहिली २१ मिनिटं ध्वनिचित्रमुद्रण, पुढचा भाग हस्तलिखित टिपणांवरून.